कापशीपर्यंतचं डिझेल

देवमन तायडे हळू गाडी चालवायचा. अकोला ते वाशीम कापसाच्या वाहतुकीवर तो ड्रायव्हर होता. बाकीचे ड्रायव्हर पुढे काढताना हात हलवायचे, "ओ मामा, बैल सोडले का?" देवमन हसायचा. इंजिनाला घाम येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याला ठाऊक. खेपेवरून परतला की त्याच्या टाकीत गॅलनभर डिझेल उरलेलं असायचं. ते तो कधी विकत नसे. मालकाचं ते मालकाच्या टाकीत.

मालक ओमप्रकाश सेठ. त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, दसऱ्याच्या गाडीपूजेला देवमनचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. पण धर्मांतरापासून देवमन दर दसऱ्याला नागपूरला जायचा. सेठनी सत्कारच एक दिवस पुढे ढकलला. सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. देवमनचे डोळे भरून आले.

मग सेठ म्हणाले, "देवमनला खेपेला जेवढं डिझेल लागते, तेवढंच आजपासून सगळ्यांना मिळेल."

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या. हार गळ्यातच होता.

त्यांच्यातल्या गोवर्धन ड्रायव्हरची गाडी जुनी होती. नव्या मापात ती अकोल्याला पोचेना. म्हणून पातूरच्या घाटातला उतार तो इंजिन बंद करून उतरू लागला. इंजिन बंद, की ब्रेक जड. दिवाळीनंतर एका सकाळी भरली गाडी कठड्यावर गेली. गोवर्धनचा पाय मांडीत मोडला.

देवमन दवाखान्यात गेला तेव्हा गोवर्धनची बायको मैनाबाई उशाशी बसली होती.

"रिकाम्या हातानं आले काय भाऊ? तुमच्या हारातलं एखांदं फूल त आणाचं होतं."

देवमन तसाच सेठकडे गेला.

"सेठ, पयलं माप सुरू करा. मानूस मरता मरता वाचला."

"घाई करते, म्हणून पडला तो. तुला जमते, त्याला का नाही जमत?"

"माही गाडी नवी हाय."

"गाडी नाही, हात पाहिजे. तूच तर दाखवलं ना देवमन? तुझ्यावर विश्वास नको ठेवू का मी?"

देवमनला कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. त्याचाच प्रामाणिकपणा सेठ त्याच्याच तोंडावर फेकत होते. आणि वर गोड हसत होते.

"मंग गोवर्धनची गाडी नीट झाली की मले द्या," तो म्हणाला. "माप तुमचंच."

सेठ खूश झाले.

गोवर्धनच्या दुरुस्त झालेल्या गाडीत वाशीमहून कापूस भरून देवमन निघाला. कधी नव्हे इतका जपून. घाट आला. डिझेलचा काटा बघून त्याला कळलं, इथं इंजिन बंद केलं तर अकोला गाठता येईल. हात उठलाही. आजवर त्याची गाडी वाटेत उभी राहिलेली नव्हती. पण गाडी पोचली असती, तर गोवर्धनच खोटा पडला असता. त्यानं हात आवरला. घाट गिअरमध्ये उतरला.

कापशीजवळ गाडी दोनदा ठसकली आणि थांबली.

देवमन निंबाखाली बसला. मागून येणारे सेठचेच दोन ट्रक थांबले. पंजाबराव ड्रायव्हर ओरडला, "काय झालं, मामा?"

"डिझल सरलं."

"तुमचं?" पंजाबराव खाली उतरला. परत चढून त्यानंही आपल्या गाडीचं इंजिन बंद केलं. मग तिसऱ्या ड्रायव्हरनं.

अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात कापूस पोचेना आणि डिझेल सरल्याची खबर लागली, तसे सेठ जीप घेऊन आले. सोबत डिझेलचा एक डबा.

"देवमन, तू पण?"

"इंजिन कुठंच बंद नाही केलं सेठ. घाटातबी नाही. तुमच्या मापात हे गाडी कापशीलेच येते. अकोल्याले पाह्यजे असन त बाकीचं द्या."

"हा घे डबा. चल."

"आज देता. उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू."

"मंग उद्याबी इथंच भेटू." देवमन उठलाच नाही.

सेठनी तीन गाड्यांकडे पाहिलं. कापसाकडे पाहिलं.

"पहिलं माप," ते म्हणाले. "पण तुझं नाव लक्षात ठेवीन."

"ठेवा. गोवर्धनचंबी ठेवा."

दवाखान्यात पोचायला त्याला दिवेलागण झाली. मैनाबाईनं पितळीत चहा ओतून पुढे सरकवला.

"काहून उशीर झाला भाऊ?"

"कापशीले उभा होतो. नव्या मापात तुमची गाडी तिथून पुढं येतच नाही."

गोवर्धन हसायला गेला. कळ मांडीत उठली, तशी त्यानं खाटेची कड घट्ट धरली. देवमनच्या हातातला चहा तसाच राहिला.