चूळभर पाणी

रंगखात्यात काम करणाऱ्याची थुंकी त्या दिवशीच्या मालाच्या रंगाची असते. सुरतेजवळ पलसाण्याच्या डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, आम्ही रंगाची पूड मोजून पिंपात ओतायचो आणि ती नाकातोंडात जायची. लिंबायतच्या आमच्या गल्लीत ही रोजचीच गंमत होती. नळावरच्या बाया विचारायच्या, "काय भाऊ, आज काय निघालं?" माझा खोलीतला जोडीदार ऐटीत थुंकून दाखवायचा. "पोपटी, वहिनी! उद्या तुमच्यासाठी जांभळा काढतो."

तो माझ्याच तालुक्याचा, धुळ्याकडचा. आमचं कामही एकाच पिंपावर होतं आणि डाळही एकाच स्टोव्हवर शिजायची.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. मी बारावी सायन्स झालेला, म्हणून गल्ली मला मास्तर म्हणायची. सकाळी ओट्यावर बसून मी सगळ्यांना पेपर वाचून दाखवला. ताप, खोकला आणि थुंकीत रक्त, ही खूण. शिवू नका, तोंडाला रुमाल बांधा. कोणी दंडाला गंडा बांधला होता, कोणी दारात धूर केला होता. मी त्यांना हसलो. म्हटलं, डोकं वापरा जरा.

त्या दिवशी डाईंगमध्ये लाल माल होता. संध्याकाळी आम्ही दोघं रिक्षातून उतरलो आणि त्याला उबळ आली. खोकत खोकत तो गटारात थुंकला. लालभडक.

नळावरची एक बाई हंडा टाकून किंचाळली. माणसं जमली, पण लांबच उभी राहिली.

"मास्तर, हेच ना ते?"

"अरे, रंग आहे!" तो हसतच म्हणाला. कोणी हसलं नाही. वर्षानुवर्षं त्याचा रंग ओळखणाऱ्या बायाही हसल्या नाहीत. मग तो घरच्या भाषेवर आला. "पानी द्या रे कोनी. चूळ भरीसन दखाडस. आनि तू सांग ना भाऊ यासले, तू बी तठेच व्हता!"

सगळे माझ्याकडे वळले. रुमालामागे माझं तोंड तसंच लाल होतं. रंग आहे म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न सरळ होता: मग तूही थुंकून दाखव. भीतीनं माणसाची बुद्धी बंद पडते म्हणतात. माझी बंद पडली नव्हती. ती कधी नव्हे इतकी चोख चालली होती. मी तोंडातली थुंकी गिळली.

"भांडं देऊ नका," मी म्हणालो. "हात लावू नका त्याला. बांबू घ्या."

मांडवाचे लांब बांबू कोपऱ्यात रचलेले होते. लोकांनी नाकातोंडाला रुमाल आवळले आणि मी शिकवल्याप्रमाणे लांबूनच मारलं. पहिला बांबू खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. तो हातांवर रांगत नळाकडे सरकला, तेव्हा कोणीतरी त्याची बोटं बांबूच्या टोकानं ठेचली. एका म्हाताऱ्यानं वीट फेकली. ती लागली नाही, म्हणून त्यानं दुसरी उचलली. मीही मारलं. पाठीत, दोनदा. न मारणारा मी एकटाच उठून दिसलो असतो, हेही मला नीट कळत होतं.

"पानी," तो म्हणत होता. आता त्याच्या तोंडातून खरंच रक्त येत होतं. गटाराच्या कडेला रंग कुठला आणि रक्त कुठलं, ते सांगता येत नव्हतं. ते बघून एकजण मला म्हणाला, "बघा मास्तर, तुमचंच खरं निघालं."

त्याला बांबूंनी ढकलत ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. त्याचं अंथरूण जाळलं. तो उठला, पडला, परत उठला आणि रेल्वेलाइनच्या बाजूला गेला. तो जगला की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या गावचा फाटा मला ठाऊक आहे. तिथून माझी एसटी कितीदा गेली, मी उतरलो नाही.

सगळे पांगल्यावर मी खोलीत आलो आणि कडी लावली. मोरीत बसून चूळ भरली. पाणी लाल पडलं. पुन्हा भरली, तर फिकट गुलाबी. त्यानंतरचं पाणी अगदी स्वच्छ होतं. सगळं मिळून अर्धा तांब्यासुद्धा लागला नाही.