पडद्याच्या मागच्या अंगाला

माझ्या चुलत सासऱ्यांवर माझा दात होता, आणि तो लग्नाच्याही आधीपासूनचा.

मला बघायला आले तेव्हा बाकीची मंडळी पोहे खाऊन 'पसंत' म्हणून मोकळी झाली. हे एकटे उरले. बशीतलं खोबरं बोटानं गोळा करत म्हणाले, "मुलगी मध्यंतरापर्यंत ठीक आहे. पुढं कथानक ढिलं पडेल." सगळे खो खो हसले. माझे वडीलही हसले. मुलीचा बाप, हसेल नाही तर काय करेल? मी दाराआड उभी होते. तेव्हाच मनात म्हटलं, थांब मेल्या, एकदा त्या घरात येऊ दे मला.

आले. विरारजवळच्या बोळिंजपासून चालत पाव तासावर आमची वाडी. केळी, पानवेली, थोडी फुलं. माणसं कष्टाळू, बोलायला गोड, आणि हे आमचे काका म्हणजे त्या सगळ्यांचे सिनेमातले शंकराचार्य. भात कापून शेतं मोकळी झाली की बोळिंजच्या माळावर फिरत्या सिनेमाचा तंबू लागायचा, तो पाऊस तोंडावर येईपर्यंत. दर शनिवारी नवा खेळ. आणि रविवारी सकाळी आमच्या ओटीवर काकांचा दरबार. शेजारपाजारचे पुरुष जमायचे, काका झोपाळ्यावर बसायचे, आणि निकाल द्यायचे. "चाललं." "आपटलं." "गाण्यांवर तरलं, नाही तर बुडालंच होतं." एकदा काकांनी एखादं पिक्चर पाडलं की ते आमच्या पंचक्रोशीत पुन्हा उठत नसे.

आम्ही बायकाही तंबूत जायचो. वर्षभरात देव आणि माहेर सोडलं तर आम्हाला घराबाहेर काढणारी तेवढीच एक गोष्ट. दोन बैलगाड्या जुंपायच्या, पोरं कोंबायची, शेंगा भाजून घ्यायच्या. पण तंबूत पुरुष पडद्याच्या पुढं आणि बायका पडद्याच्या मागं, अशी रीत. मध्ये पांढरं कापड. खेळ सुरू होण्याआधी तंबूवाला त्यावर पाणी मारायचा, म्हणजे मागून आम्हाला स्वच्छ दिसायचं. दिसायचं सगळं, पण उलटं. पडद्यावर येणाऱ्या पाट्यांची अक्षरं उलटी, त्यामुळं सातवी शिकलेली मी आणि अंगठा उठवणाऱ्या आमच्या काकी, दोघी तिथं सारख्याच अडाणी.

आता गंमत ऐका. मी लग्नाआधी मामाकडं गिरगावात राहून थेटरात समोरून सिनेमे बघितले होते, म्हणून मला हा प्रकार लगेच कळला. आमच्या बायकांनी जन्मात समोरून सिनेमा बघितलाच नव्हता. त्यांची ठाम समजूत, की सिनेमातली सगळी माणसं डावरी असतात. डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं लिहितात, थोबाडीत मारतात तीही डाव्या हाताची. "शिकले सवरलेले असून यांना कुणी वळण कसं लावलं नाही गं?" काकी हळहळायच्या. मी एकदा समजावून बघितलं. काकी म्हणाल्या, "जा गं! कापड एकच, माणूस एकच, पुढून एक आणि मागून एक असं कधी असतं का?" मी नाद सोडला.

बायकांचे निकाल वेगळेच असायचे. पदर किती भिजला त्यावर पिक्चर चाललं की पडलं ते ठरायचं. आई खोकत असेल तर हमखास चाललं. राजाराणीच्या खेळात खांबाला हात लावल्यावर खांब हलला, तिथं ते पडलं. अर्नाळ्याहून आमच्याकडं मासळी घेऊन येणारी कोळीण होती, ती तर एका अख्ख्या पिक्चरला बुडवून मोकळी झाली. त्यात नायक तुफानात होडी घेऊन नायिकेला वाचवायला जातो. आम्ही सगळ्या हुंदके देतोय आणि ही जोरात म्हणते, "वल्हा असा धरतान काय? डाल घोटतंय मेला! आनि पानी बघ, गुडघाभर नाय. उभी राह्यली तर चालत घरा येल ती." मग कोण रडणार? सगळ्या तंबूभर हसू. पुढच्या अंगाला बसलेले पुरुष चिडून ओरडले, "बायकांनो, गप्प बसा!"

तेच निमित्त झालं. दुसऱ्या दिवशी काकांनी दरबारात विषय काढला. "दादा," ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "मी काय म्हणतो, बायकांना तंबूत न्यायचं आता बंद करावं. त्यांना चित्रातलं काही कळत नाही. रडायच्या जागी हसतात, हसायच्या जागी शेंगा फोडतात. कथानक कशाशी खातात ठाऊक नाही. दोन गाड्या, चार बैल, सगळा व्याप फुकट."

सासरे सज्जन माणूस, पण धाकट्या भावाचा शब्द त्यांना प्रमाण. "बघू. पुढच्या शनिवारी देवाधर्माचा खेळ आहे म्हणतात, तेवढा बघून घेऊ देत. मग ठरवू," म्हणाले. आमच्या घरात 'मग ठरवू' म्हणजे ठरलं. आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात यायचं होतं ते मोठं पिक्चर, ज्याची गाणी विरारच्या स्टेशनापासून आमच्या वाडीतल्या रहाटापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. ते आम्हाला दिसणार नव्हतं. ते सोडा, पुढं कुठलंच दिसणार नव्हतं. माझं डोकं असं तापलं की त्या दिवशी भात करपला.

देवाधर्माचा खेळ आम्ही बघितला. आणि तो बायकांनी एकमतानं पाडला. कारण काय, तर नायक देवळात चक्क डाव्या हातानं आरती ओवाळतो. काकी तर कपाळाला हात लावून बसल्या. "देवाला डाव्या हातानं ओवाळतो मेला, आणि वर मागतो काय, तर आईचे डोळे! कसा पावेल देव?" आणि नेमका देव पावला, आईला दिसायला लागलं, तेव्हा तर काकी उठूनच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच काकी आणि मी पडवीत विड्याची पानं निवडत बसलो होतो. पानांच्या जुड्या, म्हणजे कवळ्या, बांधून पहिल्या गाडीला मुंबईला पाठवायच्या असत. काकी गप्प होत्या. एरवी मध्ये श्वास घ्यायला न थांबणारी बाई. मी विचारलं तशा फुटल्याच. "मला कळत नाही म्हणतात! सूनबाई, तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. तिकडं दिवा मालवला की हे घोरायला लागतात. पहाटे रहाटाला बैल जुंपणारा माणूस, अंधार दिसला की डोळा लागलाच. मफलर गुंडाळून पुरुषांत शेवटच्या खुर्चीवर बसतात, इंजिनाच्या आवाजात घोरणं कुणाला ऐकू जातंय? दिवे लागले की जागे. आणि सकाळी चहाबरोबर मला विचारतात, काल काय काय झालं गं, सांग. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. आत्ता पण सांगूनच आलेय. आणि तेच बाहेर झोपाळ्यावर बसून सांगणार, आणि म्हणणार बायकांना कळत नाही!"

माझ्या हातातलं पान हातातच राहिलं. अगबाई! म्हणजे इतकी वर्षं सगळ्या गावाला जो पाडत आणि चालवत होता, त्यानं एकही पिक्चर बघितलेलं नव्हतं. मला मध्यंतरापर्यंत पास करणाऱ्यानं स्वतः मध्यंतर सोडून काही पाहिलेलं नव्हतं! 

"काकी," मी विचारलं, "आरतीचं पण सांगितलंत?"

"सांगणार नाही? तेच तर आधी सांगितलं. ते पण चिडले ऐकून."

चिडले! मला तर उठून नाचावंसं वाटलं. देवानं आरती नायकाची ऐकली होती, पण प्रसाद माझ्या ओंजळीत टाकला होता. मी काकींना एक अक्षर बोलले नाही. कवळ्या बांधल्या, आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसले आणि चहाचं आधण ठेवलं.

ओटीवर दरबार भरला. मी चहाचे कप दाराशी ठेवून चौकटीला टेकून उभी राहिले. पुरुषांत सुनेनं बोलायचं नाही, अशी घरची रीत. पण दाराआडून एखादा शब्द गेला तर चालून जात असे, तेवढी वाट मला पुरेशी होती.

काका रंगात आले होते. "पडणार, दादा. लिहून ठेवा. एका आठवड्यात तंबू गुंडाळणार."

"का हो काका?" मी आतून विचारलं, अगदी मधाळ आवाजात. "आम्हाला बायकांना काही कळलं नाही, म्हणून विचारते."

काकांना असं गिऱ्हाईक मिळालं की आभाळ ठेंगणं. ते दाराकडं वळले. "सूनबाई, धर्माचं पिक्चर आणि धर्मच धाब्यावर! अगं, नायक देवळात डाव्या हातानं आरती ओवाळतो. लोक सहन करतील काय? माझं तर तिथंच मन उडालं."

शेजारचे एक म्हातारे खाकरले. "डाव्या हातानं? उजवा हात होता की रे. मी तर पुढंच बसलो होतो."

"डावा! मी डोळ्यांनी बघितलं."

"उजवा," दुसरे म्हणाले. "मनगटावर लाल दोरा होता, उजव्याच."

"अरे, तुम्ही काय झोपला होता काय सगळे?" काका गरजले. "डावा, डावा, डावा! पैज लावा."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्यांनी जितकं जोरात म्हणावं तितकं मला गार गार वाटत होतं. मी थोडा वेळ बोलू दिलं. चांगलं पोटभर. मग म्हटलं, "काका बरोबर सांगतायत मामंजी. डावाच होता."

सगळे दाराकडं बघायला लागले.

"आम्हा बायकांना डावाच दिसला," मी म्हटलं. "आम्ही पडद्याच्या मागं बसतो ना, तिकडून सगळं उलटं दिसतं. उजव्याचं डावं. विचारा हवं तर घरात कुणालाही. मला एवढंच कळत नाही, काका पुढच्या अंगाला पुरुषांत बसून त्यांना आमच्या बाजूचा हात कसा दिसला?"

कुणाला लगेच कळलं नाही. मग त्या म्हाताऱ्यांना कळलं. त्यांनी काकांकडं बघितलं, आत माझ्यामागं उभ्या असलेल्या काकींकडं बघितलं, आणि मांडीवर थाप मारून असे हसले की दातांची कवळी निसटली. "अरे, हा बायकांत बसला होता की काय?" एकानं विचारलं. "छे रे, मफलर गुंडाळून झोपतो तो, मला संशय होताच," दुसरा म्हणाला. "बायको बघते आणि हा पाडतो!" माझे सासरे, ज्यांना मी कधी दात दाखवून हसताना बघितलं नव्हतं, ते झोपाळ्याची कडी धरून डोळे पुसत होते.

काकांचं तोंड उकडलेल्या केळफुलासारखं झालं. "इंजिनाचा धूर... डोळ्यांत गेला असेल," एवढंच म्हणाले. दया आली का मला? मुळीच नाही. ज्याला यायची त्याला येवो. मी आत जाऊन चहा पुन्हा गरम केला आणि त्यांना स्वतः नेऊन दिला, साखर जास्त घालून.

सासऱ्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "शनिवारी बायकांच्या दोन्ही गाड्या निघतील." आम्ही गेलो. मोठं पिक्चर खरंच मोठं होतं. अर्नाळ्याच्या कोळणीनंसुद्धा तोंड उघडलं नाही, हे काय कमी झालं? काकाही गेले होते. या वेळी जागं राहीन म्हणून सुपारी चघळत बसले होते म्हणे. पहिल्या गाण्याला मान पडली.

रविवारी सकाळी ओटी भरली, पण झोपाळ्यावरून निकाल काही येईना. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी सासऱ्यांनीच आत हाक दिली. "वहिनी, तुम्हीच सांगा बघू. चाललं की पडलं?"

धाकट्या भावाच्या बायकोला त्यांनी 'वहिनी' म्हटलेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. काकींनी हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. आधी आवाज फुटेना. मग फुटला, आणि काय फुटला! नायिकेचं बालपण, सावत्र आई, आगीचा प्रसंग, कोर्ट, सगळं असं सांगितलं की समोरून बघून आलेले पुरुष पुन्हा पहिल्यांदा बघितल्यासारखे ऐकत होते. सगळ्यांत पुढं वाकून ऐकत होते ते आमचे काका. तोंड उघडं, कपातला चहा तसाच.

काकी कोर्टापर्यंत आल्या. न्यायाधीश उठला. नायिका पिंजऱ्यात उभी. बाहेर तिचं पोर रडतंय. आणि काकी थांबल्या.

"मग?" काका म्हणाले. "मग काय झालं? सुटली का ती?"

काकींनी त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याकडं असं सरळ बघितलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"चाललं," त्या म्हणाल्या. "पिक्चर चाललं," आणि आत निघून आल्या.

काका मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. "अगं, सुटली का फाशी गेली, एवढं तरी सांग!" काकी नारळ खवत होत्या. खवतच राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भाकरी थापायला घेतली. पुरुषांना विचारायची काकांना लाज वाटायची, आणि तो तंबू पुन्हा ते पिक्चर घेऊन कधी आला नाही. काका पुढं पुष्कळ वर्षं जगले. तो शेवट त्यांना आमच्या घरातल्या एकाही बाईनं सांगितला नाही.