करुणाचा पहिला रविवार

शनिवारी सकाळी नगरहून एसटीने निघाले, तेव्हा पिशवीत बायबल आणि दोन साड्या होत्या, आणि डोक्यात एक कामगिरी. पनवेलजवळच्या विचुंब्यात माझी मावसबहीण करुणा राहते. मावशीला अर्धांगवायू झाल्यापासून करुणाला एक दिवस सुट्टी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि द्राक्षारस) असतं, तेही अकरा महिने तिला मिळालं नव्हतं. "या रविवारी तू जा, मावशीला मी बघते," असं मी फोनवर ठणकावून सांगितलं. शाळेतली शेवटची नऊ वर्षं मी मुख्याध्यापिका होते. ठणकावल्याशिवाय मला बोलता येत नाही.

घाट उतरला तसा घाम सुरू झाला. कोन गावाच्या बाजूला हायवेलगत नुसत्या इमारती. पनवेल स्टँडवर रिक्षा केली आणि करुणाच्या इमारतीचं नाव सांगितलं. रिक्षावाला तिथल्याच गावचा निघाला.

"त्या नावाच्या दोन बिल्डिंगी हायेत, बाय," तो म्हणाला. "एक आमच्या शेतावं, दुसरी काकाच्या. तुमची कंची?"

मी आत्मविश्वासाने पहिली सांगितली आणि तीन मजले चढून भलत्याच घराची बेल वाजवली.

शेवटी दुसऱ्या इमारतीत करुणाने दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आधी दिसली. शेजारच्या जनाबाई आमच्यासाठी तांदळाची भाकरी आणि जवला (सुकवलेली बारीक कोळंबी) घेऊन आल्या. त्यांची रविवारची सकाळ बाजारात मासळी विकण्यात जाते, एरवी त्याच मदतीला असतात.

"तुमी आलात, बरा झाला," त्या म्हणाल्या. "ही रातची चार-चार येळा उठते. मना भिंतीतून ऐकू येतं."

जवला झणझणीत होता. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

रविवारची उपासना साडेनऊला. करुणा आठलाच तयार झाली. ठेवणीतली पांढरी साडी नेसली, एक चप्पल घातली, आणि दुसरीसाठी वाकायच्या आधी जरा खुर्चीत टेकली. तिथेच तिचा डोळा लागला.

नऊ वाजता मावशी पलंगावरून अडखळत म्हणाली, "उठव तिला. किती वाट... बघत होती."

"झोपू दे, मावशी. शब्बाथ विश्रांतीसाठीच असतो."

शब्बाथशाळेत (रविवारी देवळात भरणाऱ्या मुलांच्या वर्गात) मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. देवाने सातव्या दिवशी काम थांबवलं, तोच शब्बाथ; आम्ही तो रविवारी पाळतो. त्याच्या आज्ञेत मालकाबरोबर चाकराला, गुराढोरांनाही विसावा आहे. प्रभूने तर त्याच दिवशी आजाऱ्यांना बरं केलं. मग दमलेल्या बाईला झोपू दिलं तर देव कशाला रागावेल? मी पंखा वाढवला, मावशीला पेज भरवली. स्वतःवर मी बेहद्द खूश होते.

सव्वाबाराला करुणा जागी झाली. तिने आधी घड्याळाकडे पाहिलं. मग तिने पायातली चप्पल काढली.

"का नाही उठवलंस, ताई?"

"तुला विश्रांतीची गरज होती."

"झोप मी इथेही काढते, तुकड्यातुकड्यांनी. देवळात दीड तास मला कोणी हाक मारत नाही. मला तिथे बसायचं होतं. अकरा महिने तेवढ्यासाठी थांबले होते मी."

ती रडली नाही. साडी बदलून कुकर लावायला गेली. मला फार लाज वाटली. मागोमाग जाऊन मी माफी मागितली. तिने मान हलवली आणि तांदूळ धुवायला घेतले.

सोमवारी परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत मी बाहेर पाहिलंच नाही. काम थांबवणं म्हणजे शब्बाथ, हे मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. दुसऱ्याचं भलं कशात आहे ते परस्पर ठरवून टाकणं, हे माझं काम मात्र निवृत्तीनंतरही रविवारसकट चालू होतं. मावशी सांगत असतानासुद्धा मी ते थांबवलं नाही.

नगरला पोचल्यावर फोन केला. या वेळी ठणकावलं नाही, विचारलं. "पुढच्या पहिल्या रविवारी येऊ का?"

पलीकडून मावशीची हाक ऐकू आली. करुणा "आले, आई" म्हणाली, पण फोन ठेवला नाही.

"ये," ती म्हणाली. "आणि मला उठव."