गुहेत ऐकलेली जेवणाची हाक

भुताखेतांचं सांगणाऱ्याला मी आजवर एकच विचारत आलो — तू स्वतः बघितलंस का? उत्तर ठरलेलं. मामाने बघितलं, मामाच्या मित्राने बघितलं. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, म्हणून जरा जड जातंय.

मी वळसंगचा. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, बी.एस्सी. केमिस्ट्री. चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, शहरात सात रस्ता चौकाजवळ रूम घेऊन एकटा राहतो. शिकलो याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आमच्याकडे वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. ऐन थंडीत, ज्वारी उभी असताना अख्खं घर रानात जेवायला जातं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील. आणि रस्त्याने जाणारा कोणी का असेना, त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. आमच्या रानातून ही हाक अण्णा, म्हणजे माझे वडील, मारायचे. पलीकडच्या शिवारात ऐकू जायची.

अण्णा मागच्या उन्हाळ्यात गेले. वर्ष पुरं होईपर्यंत घरात सण धरत नाहीत. त्यामुळे कंपनीतल्या पोरांनी नेमकी त्याच दिवशी सहल काढली तेव्हा मी आईला फोन केला.

"जा की," आई म्हणाली. "यंदा कुटं सण हाय आपल्यात."

गेलो. पाचगणीच्या बाजूला एका पठाराखाली नैसर्गिक गुहा आहेत. नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही, लोक रील काढायला गर्दी करतील. दुपारची वेळ होती. पोरं स्ट्रॉबेरीच्या गाड्यापाशी रमली. माझं कशात मन लागेना, एकटाच गुहेकडे निघालो.

"सायेब, गुहेची क्वालिटी बगायला निघाले व्हय?" कंपनीतला महेश मागून ओरडला. "रिजेक्ट करू नका, लई लांबनं आलोय."

आत तांबडा जांभा दगड, ओल, आणि वाट कुठे उभ्याने, कुठे वाकून. मोबाईलचा टॉर्च होता. थोडं आत गेलो, वळलो... आणि आलो ती वाट सापडेना. सगळी भोकं सारखीच. नेटवर्क नव्हतं. उजेड कुठून येतो ते कळावं म्हणून टॉर्च बंद केला. कुठूनच येत नव्हता.

पुन्हा पुन्हा फिरून त्याच दगडापाशी यायला लागलो तेव्हा खाली बसलो. ओरडलो, तर आवाज तिथंच जिरला. पोरांना वाटणार, हा गाडीत जाऊन झोपला असेल. आपण कुठे आहोत हे जगात कोणालाच माहीत नाही... हा विचार त्या अंधारापेक्षा वाईट होता.

तेवढ्यात हाक आली. लांबून, बाईच्या आवाजात. ओरडायची सवय नसलेला, मध्येच चिरकणारा आवाज —

"कोन हाय का गा रस्त्याला... जेवाया या..."

आमच्याकडे रानातून कोणी जेवायला बोलावलं की थांबायचं नसलं तरी 'आलो आलो' म्हणतात. मीही सवयीने म्हणालो, "आलो."

आवाजाच्या रोखाने सरपटत निघालो. एकदा वाट चुकलो, तेव्हा हाक पुन्हा आली. शेवटी उजेड दिसला. डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला बाहेर पडलो. तिथे वाळलेलं गवत आणि खाली दरी. रान नाही, घर नाही, माणूस नाही.

वळसा घालून गाडीपाशी आलो. कोणाला काही बोललो नाही. कुठल्यातरी टुरिस्टचा आवाज घुमला असेल, अशी मनाची समजूत घातली. पण टुरिस्ट कशाला वाटसरूला जेवायला बोलावेल?

पुढच्या रविवारी वळसंगला गेलो. आईचा घसा बसलेला. औषध घेतलंस का विचारलं, तर हसली.

"येळवशीला वरडून बसला. सण न्हाय केला रं, पूजा न्हाय काय न्हाय. पन वाटंवरल्या मानसाला उपाशी कसं जाऊ द्यावं? भज्जी-भाकरी घिऊन रानात गेले. अण्णा हुते तवा त्येच हाक मारायचे. यंदा मीच मारली. लाज वाटली पैल्यांदा."

आईला मी जन्मात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. गुहेत तो आवाज मी ओळखणार कसा?

"आलं का कोणी?" मी विचारलं.

"एकजन आलो म्हनला. मानूस काय दिसला न्हाय. येतोय म्हनून परत एकदा हाक मारली, ताट वाढून ठिवलं. दिस बुडंस्तवर बसले."

गुहा कुठे, अडीचशे किलोमीटरवरचं वळसंग कुठे... केमिस्ट्रीत याला उत्तर नाही, आणि ज्यांच्या गोष्टींना मी हसायचो त्यांच्याकडेही नसेल. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

तिने मला वाढलं आणि समोर बसली. एरवी 'अजून घे' म्हणून मागे लागते. त्या दिवशी नुसती बघत राहिली. मग ताटाकडे बघत म्हणाली,

"आलो म्हनलं की यावं गा मानसानं."