वाढत्या अंगाची सायकल

मंडळी, आज मुरूमला पणतीसाठी सायकल घ्यायला गेलो. सवयीनं दुकानदाराला म्हणालो, "वाढत्या अंगाची दाखवा."

निजामाच्या राज्यात माझ्या वडलांनी असंच म्हणून सोलापूरहून माझ्यासाठी सायकल आणली होती. सरहद्दीच्या नाक्यावरचा शिपाई माझ्याकडे बघून हसला होता, "बच्चा छोटा, सायकल बडी!" दांडीखालून पाय घालून मी कैची मारत शाळा गाठायचो. उंची वाढली तोवर सायकल गंजली. सीटवर बसायचं राहूनच गेलं.

पणती मोठ्या सायकलवर बसली. पाय टेकेनात. म्हणाली, "पणजोबा, ही लई मोठी हाय. मला शाळेला आत्ता जायचंय."

लहान सायकलवर तिचे पाय टेकले. तीच घेतली.

मग तिच्या त्या सीटवर मीही हळूच बसून बघितलं. माझेही टेकले.

पहिल्या सायकलवर तुमचे टेकले होते का?