खडूने लिहिलेला पत्ता

ओटिली ब्रेनेकेबाई आठवडाभर पडक्या घरांच्या विटा पुन्हा वापरता याव्यात म्हणून खरवडायच्या आणि रविवारी खिशात खडू टाकून स्वतःचं पडकं घर गाठायच्या. बर्लिनमधल्या त्या घराची रस्त्याकडची एक भिंत तेवढी बॉम्बमधून वाचली होती. तिच्यावर त्या लिहायच्या, ‘कोनराड, मी जिवंत आहे. टॉर्फ रस्ता १४, मागचा जिना.’ कोनराड त्यांचा नवरा, रशियात युद्धकैदी. सुटला की आधी तो याच दारात येणार. पावसाने अक्षरं धुतली की पुन्हा गिरवायची. तीन वर्षं त्यात खंड नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मात्र सगळंच बिनसलं. कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसलेले रशियन आणि अमेरिकन एकमेकांचं तोंड बघेनात. रशियनांनी शहराच्या वाटा अडवल्या, अमेरिकन विमानांतून पीठ आणि कोळसा आणू लागले. भांडण थोरामोठ्यांचं आणि झडती बाईच्या पिशवीची! जिंकलेल्यांनी शहर आपसात वाटून घेतलं होतं : भिंत रशियनांच्या हद्दीत, टॉर्फ रस्ता फ्रेंचांच्या.

भिंतीजवळच्या नाक्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन हवालदाराने त्यांचा खडू काढून घेतला.

“भिंतीवर घोषणा लिहायला बंदी आहे, बाई.”

“घोषणा कसली? अहो, पत्ता आहे तो!”

“पत्ता पलीकडचा आहे. म्हणजे आमच्याकडे आलेला माणूस तुम्ही तिकडे पळवणार.”

“नवरा माझाच आहे, साहेब, पळवायचा कसला? तुमचं कुणी परत यायचं राहिलेलं दिसत नाही!”

हवालदाराने खडू खिशात घातला.

तो आठवडा पावसाचा गेला. भिंत कोरी झाली असणार, आणि नेमका आताच कोनराड आला तर? बाईंचा जीव टांगणीला लागला. रविवारी नवा खडू मोज्यात लपवून त्या निघाल्या.

भिंत कोरी नव्हती. त्यांचा पत्ता जसाच्या तसा होता, फक्त अक्षर दुसऱ्याचं, जाडजूड. खाली आणखी एक ओळ होती : ‘आर्नो, तुझा बाप कोपऱ्यावरच्या नाक्यावर असतो. सहापर्यंत.’

बाई नाक्यावर गेल्या. हवालदार आभाळाकडे बघत होता.

“विमानं फार झालीत हल्ली,” तो म्हणाला. मग हळूच, “तुमचा खडू संपला.”

बाईंनी वाकून मोज्यातला खडू काढला, मोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

“आठवड्यात पाऊस आला तर तुम्ही गिरवा. रविवारी मी गिरवते. दोन्ही ओळी.”