नानांची जागा आणि बोटीचा पंख

पूर काही दर वर्षी येत नाही, पण गावची बचावाची बोट दर वर्षी बाहेर काढावी लागते. तालमीमागच्या शेडमधून ती कृष्णेवर न्यायची, इंजन चालू होतंय का बघायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि परत झाकून ठेवायची. काम एवढंच. पण आम्ही तिघं बोटीत बसलो की काहीतरी घडतंच, आणि मग वर्षभर चहाच्या टपरीवर तेच पुरतं. पंधरा वर्षांचं असलं बरंच साठलंय माझ्याकडं. आज नानांचं सांगतो.

नाना म्हणजे फौजेतनं रिटायर झालेले, नदीवर पूल टाकणाऱ्या पलटणीतले. दिनकरचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, म्हणून इंजन त्याच्याकडं. आणि मी डब्यानं पाणी उपसणारा.

*

पहिल्या ट्रायललाच घोटाळा झाला. बोटीचं सगळं वजन मागं होतं. इंजन मागं, पेट्रोलची टाकी मागं, दिनकरही मागंच. त्यानं वेग दिला आणि बोटीचं नाक उठलं वर. मी कडेनं वाकून बघत होतो, मला समोरची बाभळ दिसली. दिनकरला नाही दिसली. काटे काढता काढता मी विचारलं, "अरे, बघत होतास कुठं?"

"समोरच की," दिनकर म्हणाला. "मला वाटलं मोकळं हाय. नुसतं आभाळ दिसत हुतं."

नाना उठले, काठ धरत पुढं गेले आणि टोकाच्या फळीवर बसले. तेव्हा नानांचं वजन शंभराच्या पुढं होतं. नाक खाली आलं, आणि त्या दिवसापासून ती फळी नानांची झाली.

*

एकदा दिनकरनं इंजन धुवायला काढलं आणि परत बसवताना पिन चुकवली. इंजन जिथं बोटीला अडकवतात तिथं एक पिन असते, ती घालायला पाच भोकं. आमची पिन कायम सगळ्यात आतल्या भोकात. ती दिनकरनं घातली सगळ्यात बाहेरच्या. वेग दिल्यावर बोट नानांसकट वर उठली.

"दिनकर, मला पुढं न्हेतोस का वर?" नानांनी वरूनच विचारलं.

त्या संध्याकाळी टपरीवर त्यांनी दिनकरला उभं केलं आणि फौजेतल्यासारखं दहा वेळा म्हणायला लावलं, "पिन बाहेर, नाक वर. पिन आत, नाक खाली." चहावाला सुद्धा शिकला. अजूनही कुणाचं नाक फुगलं की तो म्हणतो, "ह्याची पिन आत घ्या."

*

मोठ्या पुरात मळ्यातली एक म्हातारी, आक्का, शेळीसकट पत्र्यावर बसलेली. बोटीत आधीच सहा जण. तिनं एकदा बोट बघितली, एकदा नानांना बघितलं, आणि म्हणाली, "ह्या बाबाला उतरवा, मग आमी दोगी मावतो."

"आक्का, मी उतरलो तर दिनकर आंधळा हुतोय," नाना म्हणाले.

तिनं दिनकरकडं अशा काही नजरेनं पाहिलं की तो डोळे मोठे करून बसला. शेवटी आक्का मधल्या फळीवर आणि शेळी नानांच्या मांडीवर. शाळेपाशी उतरताना आक्का सगळ्यांना सांगत होती, "माझी शेळी गादीवर बसून आली."

*

मग नानांना साखर निघाली. घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना अर्ध्या भाकरीवर आणलं. वर्षात पंचवीस किलो उतरले. गाव कौतुक करत होतं, दिनकर तेवढा काळजीत. एक दिवस हळूच पेढे घेऊन गेला, "नाना, पावसाळ्यापुरतं तरी खावा की." काकूंनी आतून ऐकलं आणि पेढ्यांसकट त्याला बाहेर काढला.

"तुज्या बोटीला वजन पायजे असलं तर पोतं घाल. माझा नवरा न्हाई मिळायचा!"

आम्ही खरंच वाळूचं पोतं भरून पुढच्या फळीवर ठेवलं. नाना आले, पोतं बघितलं, आम्हा दोघांना बघितलं. पोतं खाली ओढलं आणि स्वतः फळीवर बसले. "पोत्याला बाभळ दिसती का रं?" एवढंच म्हणाले.

*

आणि मग मी चूक केली. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. इंजनाच्या खाली, पंख्याच्या वर एक प्लास्टिकचा पंख बसवायचा, की बोट सपाट पळते, नाक उचलत नाही. हायड्रोफॉइल म्हणतात त्याला. मी मागवून टाकला. खोकं टपरीवर उघडलं आणि सगळ्यांनी नानांकडं बघितलं. नानांच्या जागेचा विचार माझ्या डोक्यात तेव्हा आला, आधी नाही.

दिनकर म्हणाला, "ह्याला चार भोकं पाडाय लागत्यात. चांगल्या इंजनाला माझ्या हातनं भोक न्हाई पडायचं गड्या." हाच दिनकर पंपाला विचार न करता भोकं पाडतो. खोकं दोन वर्षं त्याच्या दुकानात पडून राहिलं.

शेवटी नानांनीच विषय काढला. "बसवा तो पंख. बोट माणसं आणाय हाय, माझी जागा राखाय न्हाई." ट्रायलला ते आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

बोट पाटासारखी सपाट पळाली. समोर काठापर्यंत लख्ख दिसत होतं. त्या रिकाम्या फळीकडं मला बघवेना.

*

दुसऱ्या दिवशी नाना काठी घेऊन घाटावर आले. नुसतं बघायला, म्हणाले. मी पाणी उपसत होतो, दिनकर मागं इंजनाशी खुडबुडत होता. आम्ही एक फेरी मारली. बोटीचं नाक पार वर!

दिनकरनं बोट घाटाला लावली. "नाना, काय कामाचा न्हाई आवं हा पंख. आनलाईनचा माल. तुमीच बसा."

नाना एकेक पायरी उतरले. आधी मागं आले. इंजनावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. दिनकर नदीकडं बघत होता. मग नाना सरळ झाले, काठ धरत पुढं गेले, टॉवेल अंथरला आणि आपल्या फळीवर बसले.

मागं वळून न बघता म्हणाले, "दिनकर, पिन आत घे. आता मी बसलोय."